सडा, कलमं, चिरेखाणी: गावातल्या जमिनीचा बदल मोजायला कुठलं फुकट साधन घ्यावं? (वापरून लिहिलेला रिव्ह्यू)

रत्नागिरी, राजापूर, लांजा, देवगड या भागातल्या लोकांकडून एकच प्रश्न सारखा येतो, की आमच्या गावात गेल्या वीस वर्षांत सडा (कातळाचं उघडं पठार) किती गेला, आंबा-काजूची कलमं किती वाढली, जंगल तुटलं की वाढलं, हे फुकटात कुठे बघायला मिळेल. कुणी लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या जीवसृष्टीची नोंद) करतंय, कुणाला ग्रामसभेत मांडायला आकडा हवाय, कुणाचा एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितेय. ही साधनं मी कोकणातल्या गावांसाठी वापरलीत त्यामुळे रिव्ह्यू कोकणापुरताच समजा, विदर्भातल्या कपाशीला किंवा सोलापुरातल्या उसाला यातल्या बऱ्याच गोष्टी जशाच्या तशा लागू होणार नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. तयार रंगीत नकाशे बघायला जरूर वापरा, पण दोन वर्षांचे नकाशे एकमेकांतून वजा करून "इतके हेक्टर बदललं" असं कुठेही लिहू नका. गावाच्या पातळीवर भरवशाचा आकडा हवा असेल तर गूगल अर्थ प्रोच्या जुन्या फोटोंवर बिंदू टाकून स्वतःच्या डोळ्यांनी मोजायचं, याला आजही तोड नाही. बाकीची साधनं त्याच्या मदतीला. आता का ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे चौकटीचा (उपग्रहाच्या चित्रातल्या सगळ्यात लहान तुकड्याचा, पिक्सेलचा) आकार, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. सेंटिनेल-२ हा युरोपचा उपग्रह, पहिला २०१५ च्या जूनमध्ये गेला, त्याची एक चौकट १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोब्बर एक आर. साधारण एक गुंठा म्हणा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चौकट ३० मीटरची, म्हणजे नऊ आर. आपल्या इस्रोच्या लिस-३ कॅमेऱ्याची २३.५ मीटरची, साडेपाच आरच्या आसपास. आता हापूसची कलमं पारंपरिक पद्धतीत १० बाय १० मीटरवर लावतात, म्हणजे सेंटिनेलच्या एका चौकटीत एकच कलम! नवीन लावलेली बाग असेल तर त्या चौकटीत एक हातभर उंचीचं रोप आणि बाकी सगळा कातळ. उपग्रहाला ते कातळच दिसणार, आणि पुढची काही वर्षं, घेर भरेपर्यंत, कातळच दिसत राहणार. जमीन मात्र त्याच वर्षी बदललेली असते, सुरुंग लावून खड्डे काढलेले, बाहेरून माती आणून भरलेली, भोवती चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घातलेला. सड्याचा सडा म्हणून जो काही उपयोग होता, गवत, चराई, पावसात साचणारी डबकी, ते सगळं संपलेलं असतं आणि नकाशात अजून तो "उघडी जमीन" म्हणून शांतपणे बसलेला असतो. हे एकदा नीट लक्षात आलं की कुठल्या साधनाकडून काय मागायचं हे आपोआप कळतं.

तयार नकाशे: डायनॅमिक वर्ल्ड, एस्री, वर्ल्डकव्हर

तिन्ही सेंटिनेलवर आधारलेले (वर्ल्डकव्हर सेंटिनेल-१ चं रडारही वापरतं), तिन्ही १० मीटरचे, तिन्ही फुकट. दिसायला सुंदर, मोबाइलवरसुद्धा उघडतात, आणि गावाची पहिली ओळख करून घ्यायला खरंच चांगले. शाळेच्या मुलांना दाखवायला तर फारच छान.

वर्ल्डकव्हर युरोपियन स्पेस एजन्सीचं आहे, २०२० आणि २०२१ असे दोन नकाशे. लोक काय करतात, दोन्ही डाउनलोड करतात आणि फरक काढतात. पण हे दोन नकाशे अल्गोरिदमच्या दोन वेगळ्या आवृत्त्यांनी केलेत आणि बनवणाऱ्यांनीच स्पष्ट लिहून ठेवलंय की दोघांतल्या फरकात खरा बदल आणि पद्धतीतला बदल दोन्ही मिसळलेले आहेत. म्हणजे बदल मोजायला हे दोन नकाशे उपयोगाचेच नाहीत. एका वर्षाचं चित्र म्हणून मात्र तिघांत सगळ्यात बारीक तपशील यातच असतो, वाडीतली झाडं, पाणंदीच्या कडेची हिरवी रेघ वगैरे. बदलासाठी ५ पैकी १, एका वेळच्या चित्रासाठी ४.

एस्री या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीचा नकाशा २०१७ पासून दरवर्षीचा आहे, एकाच पद्धतीने केलेला, त्यामुळे वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. स्लायडर सरकवून बघायला मजबूत आवडतं लोकांना. पण त्यात गवत आणि झुडपं एकाच वर्गात, "रेंजलँड" म्हणून टाकलीत. कोकणात हे चालत नाही हो. सड्यावरचं गवत, सोडून दिलेल्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवरची करवंदीची जाळी, आणि जंगल तुटल्यावर उगवलेलं रान हे तीन वेगळे इतिहास आहेत, तिघांना एकच रंग दिला तर आपल्याला जे शोधायचं तेच नाहीसं होतं.

डायनॅमिक वर्ल्ड गूगल आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचं. यात प्रत्येक वापरण्याजोग्या सेंटिनेल चित्राचा वेगळा नकाशा मिळतो, २०१५ च्या जूनपासून, आणि नुसता वर्ग सांगत नाही तर प्रत्येक चौकटीसाठी झाड असण्याची शक्यता किती, उघडी जमीन असण्याची किती, बांधकाम असण्याची किती असे नऊ वर्गांचे आकडे देतं. मला तिघांत हे सगळ्यात आवडतं ते याचसाठी. वर्ग वापरू नका, शक्यतेचे आकडे वापरा. समजा एका तुकड्यात झाडाची शक्यता २०१७ पासून दर उन्हाळ्यात थोडी थोडी वर चढतेय तर तिथे बाग भरत असण्याचा संशय घ्यायला जागा आहे, जाऊन बघायचं. हे नुसत्या रंगावरून कधीच कळलं नसतं. संशय घ्यायचं साधन म्हणून ५ पैकी ४, हेक्टर काढायला २.

अचूकतेबद्दल विचारतात म्हणून एक सांगते. या तिघांची जगभराची एक तुलना झालीय, त्यात एस्री सुमारे ७५ टक्के, डायनॅमिक वर्ल्ड ७२ आणि वर्ल्डकव्हर ६५ असे आकडे आले. पण त्याच तुलनेत युरोपातल्या प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन घेतलेल्या नोंदींशी ताडून बघितलं तर क्रम उलटा, वर्ल्डकव्हर ७१, डायनॅमिक वर्ल्ड ६६, एस्री ६३. कारण पहिल्या तपासणीत मोठे तुकडे होते आणि दुसरीत बारीक. म्हणजे "हा नकाशा इतका टक्के अचूक" हे वाक्य अर्धवट आहे, केवढ्या तुकड्याला अचूक ते विचारायलाच पाहिजे. आपल्या कोकणात सगळं बारीक, भातखाचरं बारीक, बागा बारीक, मालकी तर त्याहून बारीक.

वजाबाकी का करायची नाही

हिशेब सोपा आहे. एक नकाशा ८० टक्के बरोबर, दुसराही ८० टक्के बरोबर, आणि दोघांच्या चुका एकमेकींशी संबंधित नाहीत असं धरलं तर दोन्ही वर्षी बरोबर असलेल्या चौकटी ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के. उरलेल्या ३६ टक्क्यांत निदान एका वर्षी चूक आहे, आणि अशी चूक फरकाच्या नकाशात बहुतेक वेळा "बदल" म्हणूनच येते. आता गावात पाच वर्षांत खरा बदल किती होणार, दोन टक्के, चार टक्के, फार तर दहा? तो त्या ३६ टक्क्यांच्या गर्दीत शोधायचा कसा? प्रत्यक्षात दोन नकाशांच्या चुका थोड्या जुळतात त्यामुळे परिस्थिती इतकी वाईट नसते, पण चुकांचा ढीग खऱ्या बदलापेक्षा मोठा असणं हे कोकणात नेहमीचं आहे. मी तर म्हणेन कुठल्याही रिपोर्टमध्ये दोन वर्षांचे पाय चार्ट शेजारी शेजारी दिसले आणि खाली अधिक-उणेचा आकडा (म्हणजे चूक किती असू शकते तो) नसला, तर तो रिपोर्ट लिहिणाऱ्याला हा एक प्रश्न विचाराच.

आणि ऋतू! हा मुद्दा इतक्या प्रोजेक्टमध्ये सुटतो की जीव तुटतो. सडा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिरवागार, फुलांनी भरलेला, सीतेची आसवं वगैरे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोच सडा काळा ठिक्कर. एका वर्षाचं चित्र नोव्हेंबरचं आणि दुसऱ्याचं मार्चचं घेतलं तर कुणी एक दगड हलवलेला नसताना शेकडो हेक्टर "गवताळ जमीन नष्ट" असं उत्तर येतं. वणवा लागून गेला असेल तर आणखी वेगळं. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रं मिळत नाहीत म्हणून लोक हाताला लागेल ते घेतात, पण महिना जुळवणं ही पहिली अट आहे. माझी पसंती मार्चला. ऐन, किंजळ यांची पानं तोवर बऱ्यापैकी गळलेली असतात आणि आंबा-काजू मात्र हिरवे, त्यामुळे जंगल आणि बाग एकमेकांपासून सुटून दिसतात. डिसेंबरमध्ये दोन्ही हिरवं, काही कळत नाही. जमलं तर डिसेंबर आणि मार्च दोन्ही घ्या, जे डिसेंबरात हिरवं आणि मार्चमध्ये उतरतं ते पानगळीचं रान, जे दोन्ही वेळी हिरवं ते बाग किंवा सदाहरित देवराई वगैरे. तेवढ्यावर सुद्धा पुष्कळ सुटतं.

भुवन

इस्रोच्या एनआरएससीचं (राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं) नकाशांचं संकेतस्थळ भुवन, २००९ पासून आहे. त्यावर जमीन वापराचे १:५०,००० चे थर आहेत, २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ चे, लिस-३ च्या चित्रांवरून, खरीप, रब्बी आणि उन्हाळा अशा तिन्ही हंगामांची चित्रं बघून केलेले. जागतिक नकाशांपेक्षा याचं वर्गीकरण आपल्याला जवळचं वाटतं, बागायती लागवड वेगळी, झुडपी जंगल वेगळं, उघडा कातळ वेगळा. तिन्ही हंगाम बघितल्यामुळे वर लिहिलेला ऋतूचा घोळही बराच कमी होतो. माझ्या मते जिल्हा आणि तालुका पातळीवर २०१५ च्या आधीचं काही बोलायचं असेल तर पहिल्यांदा इथेच जावं.

पण गावाला? १:५०,००० म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. एखाद्या कुटुंबाची अर्ध्या एकराची बाग किंवा सुरुवातीची चिरेखाण (बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढायची खाण) यात येणार नाही, आणि येत नाही म्हणून ती नव्हती असं म्हणता येणार नाही. तालुक्याला ४, गावाला २.

इथेच व्याख्यांचं बोलून घेते, कारण आकड्यांवरून भांडणं होतात ती बहुतेक व्याख्येची असतात. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी वन आच्छादनाचा अहवाल काढतं, १९८७ पासून. त्यात वन आच्छादन म्हणजे एक हेक्टर किंवा जास्त जमीन, ज्यावर झाडांच्या घेराचं छत्र १० टक्के किंवा जास्त आहे, मालकी कुणाची, जात कुठली, कायद्याने वन आहे की नाही, काहीही बघत नाहीत. म्हणजे भरलेली आंब्याची राई, काजूची बाग, दोडामार्गकडची रबराची लागवड हे सगळं त्यात बसतं. खाजगी जंगल तोडून तिथे काजू लावला आणि दहा वर्षांत तो भरला तर दोन अहवालांत त्या जागेचं वन आच्छादन जसंच्या तसं दिसू शकतं. अहवाल खोटा आहे असं मुळीच नाही, तो त्याच्या व्याख्येप्रमाणे बरोबर आहे, पण "आमच्या गावातलं जंगल राहिलं का" या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही.

दुसरीकडे पडीक जमिनींचा ॲटलस. भूसंसाधन विभाग आणि एनआरएससीने काढलेला, २०१९ च्या आवृत्तीत २००८-०९ आणि २०१५-१६ ची तुलना आहे. त्यात उघडा कातळ आणि झुडपी जमीन पडीक धरतात. म्हणजे सड्यावर बाग झाली की हिशेबात पडीक जमीन कमी झाली, सुधारणा झाली. आपल्या सातबाऱ्यावरही सडा बहुतेक पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) म्हणूनच असतो. ज्या सड्यांवर कातळशिल्पं कोरलेली आहेत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ज्यांच्यावर पावसाळ्यात जगात इतरत्र न सापडणाऱ्या वनस्पती येतात, ते सडे कागदावर पडीक. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, की तयार यादीतले वर्ग घेऊ नका, आधी गावात बसून आपले वर्ग ठरवा.

लँडसॅट आणि लँडट्रेंडर

२०१५ च्या आधीचं, आणि दर वर्षाचं, बघायचं असेल तर लँडसॅटशिवाय पर्याय नाही. पहिला लँडसॅट १९७२ चा, ३० मीटरची चित्रं १९८० च्या दशकापासून, आणि सगळा साठा २००८ पासून सर्वांना फुकट. लँडसॅट-७ ची चित्रं वापरणार असाल तर ३१ मे २००३ नंतरच्या चित्रांत काळ्या पट्ट्या दिसतील, त्याचा एक भाग बिघडला होता, प्रत्येक चित्राचा साधारण २२ टक्के भाग कोरा येतो. एकच चित्र घेऊन त्यावर वर्गीकरण केलं तर या पट्ट्या त्रास देतात, पण कोरड्या महिन्यांतली चित्रं एकत्र करून मधला आकडा घेतला तर बरंच भागतं.

लँडट्रेंडर ही पद्धत ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीतून आली, २०१० मध्ये, आणि आता गूगलच्या अर्थ इंजिनवर (उपग्रह चित्रांवर ऑनलाइन काम करायचं साधन) आहे. ती दोन वर्षांची तुलना करतच नाही. एका चौकटीचा दरवर्षीचा एक आकडा घेते, समजा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, उणे एक ते अधिक एकच्या मधला, आणि त्या सगळ्या वर्षांच्या वर-खाली होणाऱ्या रेषेला थोड्याच सरळ तुकड्यांत बसवते. मग दिसतं की १९९० ते २००६ सपाट, २००७ ला धाडकन खाली, आणि मग २०१५ पर्यंत हळूहळू वर. हा आकार खाजगी जंगल तोडून काजू लावल्याचा असू शकतो, आणि नुसती २००५ आणि २०१५ ची दोन चित्रं बघितली असती तर दोन्ही हिरवी, बदल शून्य! म्हणून ही पद्धत मला मनापासून आवडते. अर्थ इंजिनला नोंदणी लागते, बिगर-व्यावसायिक कामाला फुकट आहे, आणि कोड येत नसेल तरी एका बिंदूवर क्लिक करून त्याचा आलेख बघायचं तयार पान आहे, तेवढ्यानेही खूप कळतं.

मात्र सड्यावर हीच पद्धत तोंडघशी पडते. चिरेखाण बघा. सडा मुळात मार्चमध्ये उघडाच, हिरवेपणा जवळपास नाही, तिथे खाण सुरू झाली तर एनडीव्हीआय खाली जायला जागाच कुठे आहे? आलेख सपाट. खरा बदल रंगात असतो, वरचा काळवंडलेला कातळ निघून खालचा ताजा तांबडा जांभा उघडा पडतो. तेव्हा खाणींसाठी एनडीव्हीआय सोडा आणि तांबड्या पट्ट्याचा (उपग्रह मोजतो त्या लाल उजेडाचा) किंवा एकूण उजेडाचा आलेख काढा, तिथे उडी दिसते. आणि बागेसाठी मघाचाच मुद्दा, लँडट्रेंडर जे वर्ष सांगतं ते घेर भरायला लागल्याचं वर्ष, लावणीचं वर्ष त्याच्या कितीतरी आधीचं. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना सुरू झाल्यावर कोकणात जी मोठी लागवड झाली ती या आलेखांत दशकाच्या शेवटाकडे आणि त्यानंतर उगवताना दिसायची अपेक्षा ठेवा, आणि योजनेच्या कागदाशी वर्ष जुळत नाही म्हणून कुणाला खोटं ठरवू नका. जंगलतोडीच्या वर्षासाठी ५ पैकी ५, बागेच्या वर्षासाठी ३, सड्यासाठी २.

गूगल अर्थ प्रो आणि बिंदू मोजणी

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. गूगल अर्थ प्रो २०१५ पासून फुकट आहे, कॉम्प्युटरवर टाकायचं, वरच्या घड्याळाच्या चिन्हावर क्लिक केलं की जुने फोटो तारखेसकट उघडतात. कोकणात बऱ्याच ठिकाणी २००० च्या दशकापासूनचे स्वच्छ फोटो सापडतात, इतके स्वच्छ की कलमाच्या ओळी मोजता येतात, गडगा दिसतो, चिरेखाणीतल्या कापलेल्या पायऱ्या दिसतात. रोप हातभर असलं तरी ओळीत काढलेले खड्डे आणि गडगा दिसतोच, म्हणजे उपग्रहाच्या १० मीटरच्या चौकटीला जे कित्येक वर्षांनी कळणार ते इथे त्याच वर्षी कळतं.

लोक इथे एक करतात, की सगळ्या गावाच्या बागा हाताने रेखायला घेतात. आठवडाभरात कंटाळा येतो, पहिल्या वाडीची रेखाटणी बारीक, शेवटच्या वाडीची ढोबळ. त्यापेक्षा बिंदू टाका. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात गावाची हद्द घ्यायची, हद्दीच्या आत ३०० रँडम बिंदू पाडायचे, केएमएल फाइल (गूगल अर्थला वाचता येते ती) करून गूगल अर्थमध्ये उघडायचे. मग एकेका बिंदूवर जाऊन दोनच प्रश्न: २००५ च्या आसपासच्या फोटोत इथे काय होतं, आणि आताच्या फोटोत काय आहे. उत्तरं एक्सेलमध्ये. वर्ग आपले, गावाने ठरवलेले: सडा, भातखाचर, वरकस आणि झुडपं, जंगल, आंबा-काजू बाग, चिरेखाण, घरं आणि रस्ते, खाजण (खाडीकाठची खारी जमीन) आणि पाणी. बिंदू गडग्यावर किंवा दोन वर्गांच्या हद्दीवर पडला तर काय करायचं हे आधीच ठरवून लिहून ठेवा. दोन माणसांनी स्वतंत्रपणे भरायचं आणि मग जिथे पटत नाही ते बिंदू एकत्र बसून बघायचे, त्यातलं एक त्या वाडीतलं माणूस असलं तर सोन्याहून पिवळं.

समजा ३०० पैकी ३० बिंदू सड्यावरून बागेत गेलेले निघाले. म्हणजे १० टक्के. याचा अधिक-उणे साधारण साडेतीन टक्के येतो (९५ टक्के खात्रीने). गाव १,२०० हेक्टरचं असेल तर १२० हेक्टर, अधिक-उणे ४० च्या आसपास. कुणी म्हणेल एवढी मोठी फट? हो, पण ती फट आपल्याला माहीत आहे, लिहून देता येते, आणि १,००० बिंदू टाकले तर ती दोन टक्क्यांच्या आत येते. तयार नकाशातून निघालेला "११७.४३ हेक्टर" हा आकडा दिसायला नेमका असतो, त्याची फट किती ते कुणीच सांगत नाही. ग्रामसभेत, सुनावणीत, कोर्टात, कुठेही उभं राहायचं असेल तर पहिला आकडा टिकतो, कारण तिथला कुठलाही बिंदू कुणीही पुन्हा उघडून बघू शकतो.

यातून अजून एक मिळतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुठून कुठे गेलं ते कळतं. कोकणात एकीकडे जंगल तुटून काजू होतो आणि दुसरीकडे मुंबईला गेलेल्या माणसांची वरकस आणि भातखाचरं पडून राहतात आणि तिथे रान माजतं. दोन्हींची बेरीज-वजाबाकी केली तर जंगल तेवढंच. पण शंभर वर्षांची राई जाणं आणि पंधरा वर्षांचं रान येणं ही एकाच हिशेबात फिटणारी गोष्ट आहे का? बिंदूंचा तक्ता आडवा-उभा मांडला, आधीचं डावीकडे, आताचं वर, की दोन्ही वेगळे दिसतात, लपून राहत नाहीत.

कमतरता आहेतच. वेगवेगळ्या वर्षांचे फोटो कधी कधी काही मीटर सरकलेले असतात, त्यामुळे बिंदू बघताना शेजारचा रस्ता किंवा विहीर धरून जागा जुळवा. सगळ्या गावाला एकाच वर्षाचा फोटो मिळेलच असं नाही, अर्ध्या गावाचा २००४ चा आणि अर्ध्याचा २००७ चा असं होतं, मग प्रत्येक बिंदूपुढे तारखेचा रकाना ठेवा. आणि चिरेखाणींसारखी थोड्या जागेतली गोष्ट ३०० बिंदूंत सापडणार नाही. गावाच्या अर्धा टक्का खाणी असतील तर एखाद-दुसरा बिंदू पडेल. खाणींसाठी बिंदू सोडा, प्रत्येक खाण हाताने रेखा, संख्या कमी असते, जमतं. एकूण ५ पैकी ५, आणि मी गुण देताना हात आखडता घेणारी आहे.

कागद विसरू नका

सातबाऱ्यातला सात म्हणजे मालकी आणि बारा म्हणजे पिकं, त्यातला बारा नंबरचा नमुना म्हणजे खरं तर जमीन वापराची वर्षानुवर्षांची नोंदच आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतः शेतात उभं राहून फोटोसकट नोंद करतो, त्यामुळे पुढच्या काळासाठी हे फार मोलाचं होणार आहे. त्याआधीच्या नोंदी बघताना जरा जपून, बऱ्याच ठिकाणी आधीच्या वर्षाचंच पुढे उतरवलेलं दिसतं. तरीही लावणीचं वर्ष शोधायला फळझाडांची पहिली नोंद कधी आली ते बघा आणि लँडट्रेंडरच्या वर्षाशी लावून बघा, दोघांमधलं अंतर म्हणजेच बाग भरायला लागलेला वेळ. सामाईक सड्यांवर मात्र सातबारा फारसा बोलत नाही, वीस-पंचवीस नावं आणि पोटखराबा एवढंच.

आणि अजून दोन गोष्टी, त्यातली दुसरी ज्यांना १९८० च्या मागे जायचंय त्यांच्यासाठी. एक म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट (जमिनीच्या चढ-उताराचे सरकारी नकाशे), त्यांच्या पोर्टलवरून नवीन मालिकेचे नकाशे नोंदणी करून उतरवता येतात, त्यात झुडपं, भाताची शेतं, कातळ यांची चिन्हं असतात, क्षेत्रफळ काढायला नकोत पण नावांसाठी आणि पायवाटांसाठी बहुमोल. दुसरी म्हणजे कोरोना, आजाराचं नाव नव्हे, अमेरिकेच्या १९६० ते १९७२ मधल्या हेरगिरी उपग्रहांचं. त्यांचे फोटो १९९५ मध्ये खुले झाले, यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर शोधता येतात, आधी कुणी स्कॅन करून घेतले असतील तर फुकट, नाहीतर स्कॅनचे पैसे भरून. कृष्णधवल आहेत, शेवटच्या कॅमेऱ्यांचे फोटो तर दोन मीटरच्या आसपासचे, म्हणजे आजच्या सेंटिनेलपेक्षा बारीक. कोकण रेल्वेच्या आधीचा, फळबाग योजनेच्या आधीचा सडा त्यात दिसतो. जागेवर बसवायला कटकट आहे, फिल्म लांबट आणि कडेला वाकडी, देवळं, तळी, नदीची वळणं असे पक्के ठिपके धरून क्यूजीआयएसमध्ये बसवावी लागते. पण ते ३०० बिंदू तिथेही तसेच उघडायचे आणि एक्सेलमध्ये तिसरा रकाना भरायचा. आधी तुमच्या गावावरचा फोटो ढगाखाली नाही ना एवढं प्रिव्ह्यूमध्ये तपासा आणि मगच पैसे भरा.